ब्रिडीची चार मिनिटं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. करुणाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, उपासना चालू असताना, ब्रिडी नावाची एकोणऐंशी वर्षांची बाई टेलिफोनवर चार मिनिटं बोलली, आणि ते बोलणं कोणाच्या कानावर पडू नये म्हणून मी तिचा आवाज बंद ठेवला. चुकून नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या नावापुढची हिरवी खूण लुकलुकताना मला दिसत होती. बटण माझ्या बोटाखालीच होतं.

आज ऑक्टोबरची दुपार आहे आणि मी मधल्या बेटावर एका भाड्याच्या खोलीत बसलोय. बसलोय म्हणणंही खरं नाही. जेवण झाल्यापासून तीनदा कोट घातला, तीनदा काढून खुंटीला लावला. खिडकीतून समोरच्या चढावर ऊनाचं पांढरं घर दिसतं. धुराड्यातून धूर निघतोय, वारा तो लगेच आडवा करून टाकतोय. ऊना ही ब्रिडीची धाकटी बहीण. चालत गेलं तर सात मिनिटं लागतील, मी मोजली आहेत. उद्या सकाळी साडेनऊला परतीची बोट.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडची ही तीन बेटं. स्लायगोहून गाडीने अडीच तास, मग बोट. त्यांची खरी नावं लिहीत नाही. मी त्यांना घरातल्या जावांसारखं थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणतो. स्लायगोच्या आमच्या चिमुकल्या प्रॉटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, फर्गस नावाचे निवृत्त शाळामास्तर, महिन्यातून एकदा बोटीने इथे येऊन दोन-तीन घरांत उपासना घ्यायचे. मग मार्च 2020 आला. चर्चला कुलूप, बेटांना कुलूप. बाहेरच्याला बोटीत पाऊल टाकायची बंदी. फर्गसने मला फोन केला.

"तू कॉम्प्युटरवाला ना? काहीतरी कर."

"व्हिडिओवर घेऊ या ना उपासना."

"अरे, तिथे इंटरनेट म्हणजे पावसाच्या मर्जीवर. पण टेलिफोन आहे. प्रत्येक घरात आहे."

म्हणून मी टेलिफोनची लाइन लावून दिली. एका नंबरवर सगळ्यांनी रविवारी अकराला फोन करायचा. प्रत्येक जण आत आला की 'टुंग' असा आवाज यायचा. तेवढंच. पहिल्या रविवारी तीनदा टुंग झालं. फर्गस म्हणाला, "जिथे दोघे किंवा तिघे जमतात," आणि बायबलातलं ते वचन पुरं न करताच हसला.

त्या वर्षाची आठवण माझ्यापाशी दृश्यांत नाहीच. सगळी आवाजांत आहे. मी स्लायगोच्या घरात माळ्यावरच्या खोलीत, कानावर हेडफोन, शेजारी करुणाने उतरवून ठेवलेला रात्रपाळीचा नर्सचा बिल्ला, आणि कानात ती स्वयंपाकघरं. थोरल्या बेटावरच्या एका घरात किटलीचं झाकण सैल होतं, शास्त्रपाठाच्या वेळी हमखास ठणठणायचं. एकाच्या घरी कुत्रा 'आमेन' म्हटलं की भुंकायचा, कारण आमेननंतर त्याला बिस्किट मिळायचं. ऊनाकडे भिंतीवरचं घड्याळ. तिच्या नवऱ्याने, दीपगृहाच्या रखवालदाराने, मागे ठेवलेलं. टोले दोन मिनिटं उशिरा द्यायचं. धुराड्यात घुमणारा वारा प्रत्येक घरात वेगळा असतो हे मला तेव्हा कळलं. डोळे मिटले की मी नुसत्या आवाजावरून सांगू शकायचो, हा श्वास कोणाचा, ही खुर्ची कोणाची.

अकराच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांचे आवाज मोकळे असायचे. ती दहा मिनिटं म्हणजे बाजार.

"ऐकू येतंय का?"

"येतंय ना. तू ओरडू नकोस, तू बेटावर आहेस, चंद्रावर नाही."

"बोट आली का काल?"

"आली. पीठ आलं, यीस्ट नाही आलं."

"सगळा देश ब्रेड भाजत बसलाय, यीस्ट कुठून येणार!"

माझी मुलगी शारोन जिन्यात उभी राहून ऐकायची आणि आयरिश हेलात म्हणायची, "बाबा, दे आर गॅस!" म्हणजे भारी गमतीशीर आहेत.

एप्रिलच्या शेवटी माझ्या मोबाइलवर एक अनोळखी नंबर आला.

"फोनवाला तूच का?"

"हो. आपण?"

"ब्रिडी. धाकट्या बेटावरून. तो नंबर दे मला. मी काही तुमच्यात येत नाहीये हां, आधीच सांगते. मी कॅथलिक आहे आणि कॅथलिकच मरणार. नुसती ऐकीन."

"जरूर ऐका."

"आमच्या फादरना बोट नाही, आणि भाच्याने लावून दिलेल्या त्या कॉम्प्युटरवर मिस्साची उपासना चालू केली की नुसतं चाक फिरत बसतं. चाकाची काय भक्ती करायची?"

पुढच्या रविवारी टुंग झालं. कोंबड्या ऐकू आल्या. मग लाइनवर एकदम शांतता पसरली, आणि ती शांतता कशाची ते मला ठाऊक नव्हतं. फर्गसने नंतर सांगितलं. ब्रिडी आणि ऊना चौतीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे बटाट्याचं पीक कुजलं आणि माणसं रस्त्यावर मरून पडली, तेव्हा प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी या किनाऱ्यावर सुपाच्या कढया मांडल्या. पोटासाठी धर्म बदलला त्यांना लोक म्हणू लागले, 'याने सूप घेतलं.' कढया गंजून गेल्या, ते बोलणं राहिलं. अजूनही या भागात यापेक्षा मोठी शिवी नाही. ऊनाने चाळिशीत त्या प्रॉटेस्टंट रखवालदाराशी लग्न केलं आणि मधल्या बेटावर निघाली, तेव्हा ब्रिडी धक्क्यावर उभी होती. बोट सुटताना, सगळ्या बेटादेखत, ती ओरडली, "सूप घेतलंस!" एवढंच. चौतीस वर्षं.

जुलैत बंदी थोडी सैल झाली तेव्हा मी बोटीने गेलो. घराघरात जाऊन म्हाताऱ्यांच्या फोनना छोटे स्पीकर जोडले. बोटीत डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास होता. धाकट्या बेटावर उतरलो तसा टर्फचा वास आला. दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली ही माती जाळतात. तिचा धूर नाकाला आधी गोडसर लागतो, मग कपड्यांतून आठवडाभर जात नाही. ब्रिडी दारातच उभी होती, हाताएवढी बाई, पायात बूट पुरुषाचे.

"अगदीच बारीक आहेस की रे तू. आवाजावरून मला वाटलं चांगला थोराड असशील."

मी स्पीकर जोडत होतो. तिने विचारलं, "भूक लागलीय?" मी हो म्हणालो. ती चुलीकडे वळली, मग थांबली आणि माझ्याकडे बघून हसत सुटली. "सूप आहे. पण तू प्रॉटेस्टंट आणि मी कॅथलिक. आता कोणी कोणाला द्यायचं?"

आणि तिथे, त्या ओट्याशी, मी ते बोललो जे आयर्लंडमध्ये अकरा वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर मिशनचं कंपाउंड होतं, तिथे आमची सहा घरं. आम्ही पणजोबांपासून ख्रिस्ती. दुष्काळात परदेशातून मिलो नावाची लाल ज्वारी आली, दुधाची पावडर आली. मिलो सगळ्या गावाने खाल्ला, नाव मात्र आमचं पडलं. शाळेत मी हजेरीला 'उपस्थित' म्हणालो की मागच्या बाकावरून हळूच यायचं, "मिलोवाले." मी सहा-सात वर्षांचा, मिलोची चवही मला आठवत नव्हती. घरात त्या पावडरचे रिकामे डबे होते, आई त्यात तूरडाळ ठेवायची. मित्र घरी येणार असला की मी ते डबे उलटे करून ठेवायचो, अक्षरं भिंतीकडे.

पप्पा सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक होते. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून गावोगाव जायचे, झाडाखाली ख्रिस्ती कीर्तन करायचे. आवाज खणखणीत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो आणि कीर्तन सुरू झालं की मुद्दाम दूर, विहिरीपाशी जाऊन उभा राहायचो, जणू त्या माणसाची आणि माझी ओळख नाही. दर वर्षी ऐकणारे कमी होत गेले. एखादं घर पुण्याला गेलं, एखादं मुंबईला. शेवटी शेवटी पप्पा दोन म्हाताऱ्यांसमोर तासभर गायचे. त्या पेटीचा एक सूर बसलेला होता, त्या जागी ते गळ्याने भर घालायचे.

ब्रिडीला मी हे सगळं सांगितलं असं नाही. मिलो सांगितला, डबे सांगितले. ती चमचा हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तुमच्याकडेही सूपच," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि मी तो शब्द माझ्या सख्ख्या बहिणीला मारला." मग तिने वाडगा माझ्यापुढे सरकवला. "खा. सगळं खा."

पुढचे महिने लाइन वाढत गेली. बेटावरची माणसं एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकू लागली. कॅथलिक शेजारीही यायचे, काही नुसते कुत्र्याचं आमेन ऐकायला. सप्टेंबरात मी फर्गसला आमच्याकडच्या कापणीच्या सणाची गोष्ट सांगितली. नगरकडे त्या रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे ऊस, बाजरीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या रचायचे, पाय बांधलेल्या कोंबड्या आशीर्वादाच्या ऐन वेळी कलकलायच्या, आणि उपासना संपली की सगळ्याचा लिलाव. आपल्याच परसातली वांगी पप्पा हट्टाने बोली लावून परत घ्यायचे. फर्गस खूश झाला. "टेलिफोनवर करू. पैशांचं राहू दे, कामाची बोली लावा."

तो रविवार मला अजून झोपेत ऐकू येतो.

"ऊनाच्या शेजाऱ्याचा भोपळा. कोण बोलतो?"

"एक दिवस टर्फ रचून देईन."

"दोन दिवस!"

"तू? तुझ्या कमरेचं काय झालंय ते तिन्ही बेटांना ठाऊक आहे!"

मग फर्गस म्हणाला, "ऊनाकडून एक बरणी, ब्लॅकबेरीचा जॅम." घड्याळ टकटकत होतं. आणि धाकट्या बेटावरून, कोंबड्यांच्या मधून, ब्रिडी म्हणाली, "दोन जोड मोजे. लोकरीचे. मी विणलेले."

फर्गसचा आवाज बारीक झाला. "दोन जोड मोजे, एक वार..."

"विचारा तिला, कुठल्या मापाचे," ऊना म्हणाली.

"तिला सांगा, माप मला ठाऊक आहे," ब्रिडी म्हणाली.

तिन्ही बेटं हसली. मी माळ्यावर एकटा बसून डोळे पुसत होतो. शारोन आत डोकावून म्हणाली, "बाबा, यू ऑलराइट?" मी म्हणालो, "ग्रँड, ग्रँड."

जॅम आणि मोजे बोटीने इकडून तिकडे गेले. पण थेट बोलणं नाही. ऊनाने फर्गसकडे निरोप ठेवला, आणि तो पुढे सगळ्यांनाच ठाऊक झाला: मोजे छान आहेत, पण तो शब्द तिने सगळ्यांदेखत टाकला होता, सगळ्यांदेखतच मागे घ्यावा.

हिवाळ्यात गर्दी झाली. एका अकराच्या ठोक्याला टुंग टुंग असं थांबेचना. थोरल्या बेटावर शाळेची जुनी खोली मागितली गेली, उत्तरेकडच्या चौथ्या एका बेटावरून कोणीतरी नंबर विचारला. आवाजांचा गोंधळ होऊ लागला तेव्हा मी उपासनेच्या वेळी सगळ्यांचे आवाज माझ्याकडून बंद करायला लागलो. फक्त मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी उघडायचो. 'तुमचा आवाज बंद करण्यात आला आहे' असं सांगणारी मशिनमधली बाई म्हाताऱ्यांना दचकवायची, म्हणून ती सूचनाच काढून टाकली. लाइन स्वच्छ झाली. किटली गेली, कुत्रा गेला, घड्याळ गेलं. एक-दोघं म्हणालेही, "हल्ली एकटं एकटं वाटतं रे." मी म्हणालो, "क्वालिटी बघा ना किती छान आहे." आज वाटतं, चूक तिथूनच सुरू झाली होती. पण त्या चुकीमागे मला लपायचं नाही. ती सवय होती. फेब्रुवारीतली गोष्ट सवय नव्हती.

डब्लिनहून पत्र आलं. तिथल्या आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांपैकी दोघे एका रविवारी लाइनवर बसून ऐकणार होते, आणि बेटांवरच्या या मेळाव्याला रीतसर मंडळी म्हणून मान्यता द्यायची का ते ठरवणार होते. फर्गस हसण्यावारी नेत होता. मी नव्हतो. मी त्या आठवड्यात करुणाशीही धड बोललो नाही.

"तू काय परीक्षेला बसलायस का रे?" ती मास्कच्या वळांनी लाल झालेला चेहरा धुताना म्हणाली. "आमच्या वॉर्डात माणसं जातायत आणि तू आवाजाच्या क्वालिटीचं काय घेऊन बसलायस?"

मी काय सांगणार? पप्पांचे ऐकणारे दर वर्षी कमी होत गेले होते. माझे वाढत होते. माझे, असं मी मनात म्हणायचो. हेही आजच लिहितोय.

शनिवारी ब्रिडीचा फोन आला.

"उद्या मी बोलणार आहे. ऊनाशी. सगळ्यांसमोर. जिथे तो शब्द टाकला तिथे उभी राहून परत घेता आला असता तर बरं झालं असतं, पण धक्क्यावर कोण जाऊ देतंय! तुझी लाइन हाच आता धक्का."

"उद्या डब्लिनचे लोक आहेत, ब्रिडी. पुढच्या रविवारी चालेल का?"

"डब्लिनचे असोत नाहीतर रोमचे. मी काय त्यांच्याशी बोलणारे का? पाठ केलंय मी. लिहून काढलं आणि पाठ केलं. तू फक्त मला मध्ये तोडू नकोस."

"नाही तोडणार," मी म्हणालो.

ब्रिडीला एक खोड होती. सगळे गप्प झाले की ती कॅथलिक पद्धतीची मेरीची प्रार्थना मोठ्याने म्हणायची. आमच्या उपासनेत ती बसत नाही, पण वर्षभरात सगळ्यांना सवय झाली होती. डब्लिनच्या पाहुण्यांनी ती ऐकली तर काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कितीतरी महिने हेच कारण मी स्वतःला देत होतो. ते खोटं आहे. मला भीती त्या दुसऱ्या शब्दाची होती. ती 'सूप' म्हणणार होती, त्या परक्या, शिष्ट माणसांसमोर, आमच्या स्वच्छ लाइनवर. आणि मग त्यांना वाटणार, अच्छा, म्हणजे ही अशी, सुपावर जमवलेली मंडळी. मी पन्नाशीला आलो आणि डबे अजून भिंतीकडे फिरवून ठेवत होतो.

रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली. फर्गस म्हणाला, "ज्याला बोलायचंय त्याने बोलावं." मी एकेकाचा आवाज उघडत गेलो. थोरल्या बेटावरचा एक जण. ऊनाच्या शेजारची बाई. डब्लिनचे दोघे, पाळीपाळीने, सावकाश. ब्रिडीच्या नावापुढची खूण लुकलुकू लागली. थांबली. पुन्हा सुरू झाली, आणि मग सलग चालू राहिली. म्हणजे ती बोलत होती, पाठ केलेलं, न थांबता. डब्लिनचा माणूस बेटांसाठी आभार मानत होता. मी खुणेकडे बघत होतो. घड्याळ बघत होतो. चार मिनिटं. मग ती खूण लुकलुकायची थांबली आणि थोडा वेळ तशीच राहिली, उत्तराची वाट बघत असावी तशी. फर्गसने गीत सुरू केलं.

हे सगळ्यात वाईट आहे आणि ते मला नीट लिहिलं पाहिजे. आपला आवाज बंद आहे हे ब्रिडीला कळायला काही मार्गच नव्हता; मी जोडलेला तो स्पीकर ती बोलू लागली की समोरचे आवाज दाबून टाकायचा. तिच्या हिशेबी ती सगळ्यांदेखत बोलली. ऊनाने ऐकलं. आणि ऊना गप्प राहिली.

दुपारी दोन वाजता मोबाइल वाजला. पडद्यावर तिचं नाव. मी डब्लिनच्या लोकांशी लँडलाइनवर बोलत होतो; ते म्हणत होते, किती सुंदर, किती स्पष्ट ऐकू आलं. मोबाइल वाजून वाजून थांबला. मी उलट फोन केला नाही. सोमवारी ऑफिसचं काम होतं. मंगळवारी मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. बुधवारी पोस्टमनला ती खुर्चीत गेलेली सापडली.

अंत्यविधीला दहाच माणसांची मुभा होती. समुद्र खवळलेला, ऊनाला एका बेटावरून दुसऱ्यावर जाता आलं नाही. मी पुन्हा लाइन लावली. बोटवाल्याने कबरीपाशी फोन उंच धरला. फादरचं बोलणं अर्धंच पोचलं, बाकी सगळा वारा. त्या दिवशी मी कोणाचाही आवाज बंद केला नाही. किटली ऐकू आली, कुत्रा ऐकू आला. ऊनाचं घड्याळ दोन मिनिटं उशिरा वाजलं.

सगळे लाइन सोडून गेले तरी ऊनाची खूण राहिली होती.

"फोनवाल्या, आहेस का रे?"

"आहे."

"तुझ्याशी बोलायची ना ती? माझ्याबद्दल कधी काही म्हणाली?"

"नाही," मी म्हणालो.

ती "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मान्यता मिळाली. उन्हाळ्यात बोटी सुरू झाल्या. आता चार बेटांवर चार खोल्यांत उपासना होते, आणि मधल्या बेटावरची, जाळी ठेवायची जुनी खोली रंगवून आज तिचं उद्घाटन झालं. नव्या रंगाच्या खालून अजून डांबराचा आणि माशांचा वास येतो. कापणीचा सण म्हणूनच आजचा दिवस निवडला होता. वेदीपुढे गाजरं, अंडी, एक विणलेला स्वेटर. चौथ्या बेटावरून बोट भरून माणसं आली होती. करुणा आली नाही, तिची ड्यूटी होती. येताना तिने सामान भरताना विचारलं होतं, "ऊनाकडे जाणार ना? मग असा तोंड पाडून का निघालायस?" मी म्हणालो, बोट लागते मला.

फर्गसने प्रवचनात ही मंडळी कशी वाढली ते सांगितलं. स्वयंपाकघर ते स्वयंपाकघर, टुंग ते टुंग. लोक हसले. मग त्याचा आवाज खाली आला. जॅम आणि मोज्यांची गोष्ट त्याने सांगितली, आणि म्हणाला, "पण एक शब्द राहून गेला. वाट मोकळी होती, लाइन मोकळी होती, आणि तरी आपल्या लाडक्या ब्रिडीचे ओठ उघडले नाहीत. मित्रहो, तुम्ही उशीर करू नका." खोलीतल्या कितीतरी लोकांनी मान हलवली. ही गोष्ट तो पहिल्यांदा सांगत नव्हता हे त्या माना हलण्यावरूनच कळलं. चौथ्या बेटावर ब्रिडीला कोणी पाहिलेलंही नाही; तिथे ती आता एवढीच आहे, मरेपर्यंत न वाकलेली बाई.

ऊना पहिल्या रांगेत होती. मी मागे, स्पीकरच्या वायरी सांभाळत, दाराशी उभा होतो.

चहाच्या वेळी ती काठी टेकत माझ्याकडे आली. "तुझ्या त्या लाइनमुळे निदान तिच्या कोंबड्या तरी ऐकल्या मी वर्षभर," म्हणाली. "हट्टी होती. आमच्या आईवर गेली होती. मी म्हणायचे, आज बोलेल, आज बोलेल. रविवारी केस विंचरून बसायचे फोनपुढे, वेड्यासारखी." माझ्या हातात सँडविच होतं. "सँडविच मस्त झालंय," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, दंडावर थोपटलं, आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळली.

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, लिहून मोकळं वाटेल. वाटत नाहीये. कागदावर लिहिणं म्हणजेही एका अर्थी आवाज बंद ठेवून बोलणंच आहे.

म्हणून मी काय देणं लागतो ते सरळ लिहितो. ब्रिडी बोलली होती. चार मिनिटं, सगळ्यांसमोर, पाठ करून, आणि ते मी पोचू दिलं नाही. नंतर विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. हे ऊनाला तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडाकडे बघून सांगणं माझ्यावर आहे. मग फर्गसला, आणि मग त्या खोलीत उभं राहून चारही बेटांना. ती काय बोलली ते शब्द मी ऊनाला कधीच देऊ शकणार नाही, ते माझ्याकडेही नाहीत. बाकीचं देऊ शकतो, आणि अजून दिलेलं नाही.